टाकलेलं पाणी परत आणणारं यंत्र

१९०१ साली ह्युबर्ट सेसिल बूथ नावाचा इंग्रज इंजिनिअर लंडनच्या एम्पायर म्युझिक हॉलमध्ये एका अमेरिकी यंत्राचं प्रात्यक्षिक पाहायला गेला. ते यंत्र दाबाखालची हवा फुंकून धूळ उडवायचं. उडालेली धूळ पेटीत जमा व्हावी अशी कल्पना होती, पण त्यातली बरीचशी फिरून खालीच बसायची. फुंकण्याऐवजी ओढून का घेत नाही, असं बूथने विचारलं. ते शक्यच नाही, असं उत्तर मिळालं. पुढे व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या एका उपाहारगृहात त्याने मखमली खुर्चीच्या पाठीला तोंड लावलं आणि जोरात श्वास आत ओढला. धुळीने त्याचा जीव गुदमरला, पण प्रश्न सुटला. त्याचं पहिलं यंत्र पेट्रोलच्या इंजिनावर चालायचं आणि घोडागाडीवरून यायचं. गाडी रस्त्यात उभी राही आणि लांबलचक नळ्या खिडकीतून घरात जात. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे याच यंत्राने साफ झाले.

म्हणजे बूथच्या व्हॅक्यूम क्लीनरचा जन्म फरशीवर झालेला नाही. तो बसायच्या गादीवर झाला आहे. आज सोफे धुणारे व्यावसायिक जे यंत्र दोन हातांनी उचलून जिना चढतात, ते बूथच्या त्या श्वासाचंच पुढचं रूप. त्यात फक्त पाण्याची भर पडली. धंद्यात याला एक्स्ट्रॅक्शन मशीन म्हणतात. त्यात दोन टाक्या असतात, एक स्वच्छ पाण्याची आणि एक मळक्या पाण्याची. एक छोटा पंप स्वच्छ पाणी हातातल्या टूलपर्यंत ढकलतो आणि फवारतो. त्याच टूलच्या अरुंद फटीतून दुसरी मोटर ते पाणी लगेच, मळासकट, परत ओढते. पाणी कापडात राहतं ते काही सेकंद. तेवढ्यात त्याने मळ सोडवायचा आणि बाहेर यायचं.

हे बाहेर येणं किती मोलाचं आहे, ते उशीच्या आत डोकावल्याशिवाय कळत नाही. सोफा बनवणारे कारागीर फोम मागताना ‘३२ डेन्सिटी’, ‘४० डेन्सिटी’ असं सांगतात. हा आकडा म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. आता बैठकीची एक उशी घेऊ: २२ इंच लांब, २२ इंच रुंद, ५ इंच जाड. तिचं आकारमान भरतं साधारण ४० लिटर. फोम ३२ डेन्सिटीचा असेल तर वजन होतं सव्वा किलोच्या आसपास. फोम ज्या पॉलियुरेथेनचा बनतो, ते घन रूपात पाण्यापेक्षा थोडं जडच असतं. म्हणजे त्या ४० लिटरांत खरा पदार्थ जेमतेम एक लिटर. बाकीची ३९ लिटर नुसती मोकळी जागा! आपण ज्यावर बसतो ती वस्तू सत्त्याण्णव टक्के हवा आहे, आणि त्या हवेची जागा घ्यायला पाणी सदैव तयार असतं. तीन आसनी सोफ्याच्या तीन उश्यांत मिळून घरावरच्या लहान टाकीएवढं पाणी मावू शकतं.

म्हणून यंत्र निवडताना माझ्या मते एकच प्रश्न सगळ्यांत वरचा आहे: टाकलेल्या पाण्यातलं किती परत येतं? फवारा किती जोरदार आहे, टाकी किती मोठी आहे, हे त्याच्या नंतर.

परत ओढायचं काम नेमकं करतं कोण? मोटर, असं आपण सहज म्हणतो. खरं तर मोटर फक्त आतली हवा बाहेर टाकते आणि आत दाब कमी करते. पाण्याला आत ढकलते ती बाहेरची हवा, म्हणजे आपल्या डोक्यावरचं सगळं वातावरण. इटलीतल्या इव्हांजेलिस्ता टोरिचेलीने १६४४ सालच्या एका पत्रात लिहिलं होतं की आपण हवेच्या महासागराच्या तळाशी राहतो. त्या महासागराचा तळावरचा दाब समुद्रसपाटीला १०१३ मिलिबार आहे आणि तो पाण्याला साधारण १०.३ मीटर उंच उचलून धरू शकतो. वरून ओढणारा पंप त्याहून खोल विहिरीतलं पाणी काढू शकत नाही, त्याचं कारण हेच. जगातल्या सगळ्या व्हॅक्यूम यंत्रांची कमाल मर्यादाही हीच. इंचांत सांगायचं तर ४०७ इंच. पृथ्वीवर, मोकळ्या हवेत, याच्या पलीकडे कुठलंही यंत्र कधीच जाणार नाही.

हा आकडा मनात ठेवला की यंत्रांची माहितीपत्रकं एकदम बोलू लागतात. अमेरिकी बनावटीच्या यंत्रांवर खेच ‘वॉटर लिफ्ट’ म्हणून इंचांत लिहिलेली असते, युरोपीय यंत्रांवर तीच गोष्ट मिलिबारमध्ये. एक इंच म्हणजे सुमारे अडीच मिलिबार. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी दिसणारं कार्शर कंपनीचं पुझी १०/१ हे छोटं यंत्र पाहा. त्याची टाकी १० लिटरची, फवारा मिनिटाला १ लिटर आणि खेच साधारण २२० मिलिबार. म्हणजे ते वातावरणाच्या एक पंचमांशाहून थोडी जास्त ताकद वापरतं. अमेरिकेतल्या मोठ्या पोर्टेबल यंत्रांत तीन पंख्यांची मोटर १३० इंचांच्या पुढे जाते, म्हणजे जवळपास एक तृतीयांश वातावरण. हाताने उचलून नेता येणाऱ्या डब्यात आकाशाच्या वजनाचा तिसरा हिस्सा कामाला लावलेला असतो, हे मला आजही विलक्षण वाटतं.

पत्रकावर दुसरा आकडा असतो हवेच्या प्रवाहाचा, सेकंदाला किती लिटर किंवा मिनिटाला किती घनफूट. इथे सावध राहायला हवं. खेच मोजतात ती नळीचं तोंड पूर्ण बंद करून. तेव्हा हवा वाहतच नसते. प्रवाह मोजतात तो तोंड पूर्ण उघडं ठेवून, आणि तेव्हा खेच जवळजवळ शून्य असते. हे दोन्ही उत्तम आकडे एकाच क्षणी कधीच मिळत नाहीत. काम चालतं ते मधे कुठेतरी. कापड फटीला किती घट्ट चिकटतं त्यावर ती जागा ठरते. गालिच्याच्या मोठ्या टूलखालून हवा भरपूर शिरते, म्हणून तिथे प्रवाह महत्त्वाचा. सोफ्याचं टूल लहान असतं, कापड सपाट बसतं, फट जवळजवळ बंद होते, म्हणून इथे खेच जास्त उपयोगी. दोन मोटरी एकीपाठोपाठ एक जोडल्या की खेच वाढते आणि शेजारीशेजारी जोडल्या की प्रवाह वाढतो. मुख्यतः सोफे, खुर्च्या आणि गाद्याच धुणार असाल, तर पहिली जोडणी असलेलं यंत्र शोधा.

प्रवाहाला मात्र कमी लेखू नका. समजा काम चालू असताना सेकंदाला २५ लिटर हवा आत जाते आहे आणि टूलची फट पाच चौरस सेंटिमीटर आहे. भागाकार केला तर फटीतून जाणाऱ्या हवेचा वेग निघतो सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटर. भारतीय हवामान खातं ताशी १६७ ते २२१ किलोमीटरच्या वाऱ्यांना चक्रीवादळांच्या वरून दुसऱ्या क्रमांकाच्या वर्गात बसवतं. तसं एक वादळ सोफ्याच्या हातावरून बोटभर रुंदीच्या पट्ट्यात हळूहळू सरकत असतं आणि धाग्यांना चिकटलेले पाण्याचे थेंब सोलून नेतं. टूल सावकाश ओढायचं ते यासाठी. जोरात घासून काही साधत नाही, हवेला वेळ द्यावा लागतो. अनुभवी माणूस फवाऱ्याचा एक हात मारला की नुसत्या खेचीचे दोन-तीन हात मारतो आणि पारदर्शक टूलमधून वर चढणाऱ्या पाण्याचा रंग पाहत राहतो.

नळीकडे फारसं कुणी लक्ष देत नाही आणि तिथेच बरंच काही हरवतं. तेवढीच हवा निम्म्या व्यासाच्या नळीतून न्यायची तर दाबाची हानी साधारण बत्तीसपट होते. लांबी दुप्पट झाली तर हानी दुप्पट. म्हणजे लांब नळी एकवेळ चालेल, बारीक नळी नाही. यंत्र सोफ्याशेजारी ठेवता येतं, हाच तर पोर्टेबलचा फायदा. मग दहा मीटरची नळी घेऊन तो फायदा कशाला घालवायचा?

आता एक हिशेब असा आहे की तो पहिल्यांदा मांडला तेव्हा मी पुन्हा तपासून पाहिला. एक लिटर पाणी एक मीटर वर उचलायला फक्त १० ज्यूल ऊर्जा लागते. तेच एक लिटर पाणी खोलीच्या तापमानाला वाफ होऊन उडायला सुमारे २४ लाख ज्यूल लागतात. प्रत्यक्षात यंत्रात घर्षण असतं, गळती असते, मोटर तापते. तरीही १२०० वॉटची मोटर पूर्ण एक मिनिट चालली तर खर्च होतो ७२ हजार ज्यूल. तेवढ्यात तिने एक लिटर पाणी परत आणलं, तर वाळवायला लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे चौतिसाव्या हिश्श्यात काम झालं. जे पाणी आपण ओढून काढत नाही, त्याची किंमत खोलीतल्या हवेला आणि पंख्याला तासन्‌तास मोजावी लागते. मे महिन्यात नागपूरला ती हवा आनंदाने मोजते. जुलैत मुंबईत किंवा रत्नागिरीत हवा आधीच ओलीचिंब असते, आणखी पाणी घ्यायची तिची तयारी नसते. एक-दोन दिवस ओल्या राहिलेल्या फोममध्ये बुरशी धरू शकते, आणि तो कुबट वास मग कुठल्याच अत्तराने जात नाही. कोकणपट्टीत काम करणाऱ्याने म्हणूनच इतरांपेक्षा जास्त खेचीचं यंत्र घ्यावं, हे मी आग्रहाने सांगेन.

फवाऱ्याच्या दाबाबद्दल थोडक्यात. पुझीसारखी यंत्रं एक बारवर भागवतात, म्हणजे सुमारे साडेचौदा पीएसआय. मोठ्या अमेरिकी यंत्रांत पंप ५०० पीएसआयपर्यंत जातो. तो आकडा गालिच्यासाठी आहे. सोफ्याच्या कापडावर एवढा दाब वापरला तर पाणी कापड ओलांडून थेट त्या ३९ लिटर मोकळ्या जागेत शिरेल. दाब कमी-जास्त करायची सोय नसेल, तर मोठा पंप हा दोष समजावा. फवारा टूलच्या आतच, झाकलेल्या पोकळीत होईल असं टूल मिळालं तर उत्तम. त्यात पाणी खोल जाण्याआधीच खेचलं जातं.

गरम पाण्याचं गणित त्याहून रंजक आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४१८६ ज्यूल लागतात. मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल तर दर अंशामागे साधारण ७० वॉट. यंत्रातला हीटर १७५० वॉटचा असेल, तर नळाच्या २५ अंशांच्या पाण्याचं टूलपाशी ५० अंश होतं. फवारा मिनिटाला दोन लिटरचा असेल तर तोच हीटर जेमतेम साडेबारा अंश चढवतो. तेव्हा विक्रेता ‘हीटर आहे’ म्हणाला की दोन आकडे विचारा, हीटर किती वॉटचा आणि पाणी मिनिटाला किती. बाकी तुमचं तुम्हाला काढता येईल.

आणि ही वीज येणार कुठून? आपल्या घरांतल्या बैठकीच्या खोलीत बहुतेक ६ अँपिअरचे सॉकेट असतात. २३० व्होल्टला त्यांतून १३८० वॉट मिळतात. साध्या छोट्या यंत्राची १२५० वॉटची मोटर आणि ४० वॉटचा पंप त्यात नेमके बसतात. हीटर जोडला की संपलं. मग १६ अँपिअरचा सॉकेट लागतो आणि तो असतो स्वयंपाकघरात किंवा गीझरपाशी. अमेरिकेत तर घरगुती सर्किट १२० व्होल्ट आणि १५ अँपिअरचं, म्हणजे १८०० वॉटचं. म्हणून तिथल्या मोठ्या यंत्रांना दोन वायरी असतात आणि त्या दोन वेगळ्या सर्किटांवर लावाव्या लागतात. आपल्याकडे हीटरवालं यंत्र घेतलंत तर अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची एक्स्टेन्शन त्याच दिवशी घ्या, आणि तिच्यावर ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी बसवा. ओले हात, ओलं कापड आणि वीज एकत्र आहेत, इथे काटकसर नको. हीटर नसलेलं यंत्र घेऊन गिऱ्हाइकाच्या गीझरचं पाणी भरणं हाही चांगला मार्ग आहे. टाकीला आणि पंपाला किती तापमान चालतं, ते पत्रकात पाहून घ्यावं.

उष्णता मात्र चौघांतली एक. हेंकेल कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट सिनर या रसायनतज्ज्ञाने १९५९ च्या सुमारास स्वच्छतेचं एक साधं वर्तुळ मांडलं. रसायन, तापमान, घासणं आणि वेळ अशा चार गोष्टींनी मळ निघतो, आणि एक कमी केली तर बाकीच्या वाढवाव्या लागतात. याचा यंत्राच्या निवडीशी थेट संबंध आहे. द्रावण आधी फवारून पाच-दहा मिनिटं थांबायची, मऊ ब्रशने हलकं घासायची सवय असेल, तर छोटं, थंड पाण्याचं यंत्रही सुंदर काम करतं. त्याहीआधी कोरडी धूळ व्हॅक्यूमने काढायलाच हवी. मळातला मोठा भाग पाण्यात न विरघळणारी कोरडी माती असते, आणि पाणी पडलं की तिचा चिखल होतो.

रसायनाच्या बाबतीत आपल्या घरांची एक खास अडचण आहे, हळद. तिचा पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन. ते तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाही. आणि अल्कधर्मी द्रावण लागलं की ते लाल होतं. हळदीला चुना लावून कुंकू करायची जुनी रीत याच गुणावर चालते. सोफ्यावर रश्श्याचा डाग पडला असेल आणि त्यावर नेहमीचं अल्कधर्मी द्रावण मारलं, तर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर डाग लाल होतो. घाबरायचं नाही. सौम्य आम्लाच्या पाण्याने धुतलं की तो पुन्हा पिवळा होतो, आणि राहिलेल्या खुणेवर उन्हाचा उपाय आहे, कारण कर्क्युमिन प्रकाशात विघटित होतं. दूध, अंडं किंवा रक्ताच्या डागावर मात्र गरम पाणी वापरू नये, प्रथिन गोठून धाग्यात पक्कं बसतं. हीटरला बंद करायचं वेगळं बटण हवं ते याकरिता.

धाग्यांचे स्वभावही चकित करणारे. कापूस ओला झाला की अधिक मजबूत होतो. दिसायला तसाच मऊ असलेला साधा व्हिस्कोज ओला झाला की जवळपास निम्मी ताकद गमावतो. पॉलिएस्टर तर पाणी पीतच नाही, त्यामुळे त्याच्यातून ते सहज परत येतं. कापूस, लिनन आणि ताग जास्त भिजले की वाळताना पाणी आतून पृष्ठभागाकडे येतं, सोबत विरघळलेली तपकिरी द्रव्यं आणतं आणि टोकांवर सोडून उडून जातं. धुतलेला सोफा दुसऱ्या दिवशी डागाळलेला दिसतो तो यामुळे. इलाज तोच, पाणी कमी आणि खेच जास्त.

यंत्राच्या पोटातल्या तीन गोष्टी पाहून घ्या. मोटर बायपास जातीची हवी, म्हणजे तिला थंड करणारी हवा वेगळी असते आणि ओली हवा तिच्या तारांवरून जात नाही. मळक्या पाण्याची टाकी भरली की खेच बंद करणारा फ्लोट हवा. पण फेसाला फ्लोट ओळखत नाही. फेस त्याला चुकवून मोटरपर्यंत पोचतो. म्हणून कपडे धुण्याची पावडर या यंत्रात कधीच घालू नये आणि जुन्या शॅम्पूचा फेस निघू लागला तर टाकीत फेसनाशक टाकावं. तिसरी गोष्ट म्हणजे मळकी टाकी पूर्ण उघडून हात घालून धुता आली पाहिजे. तशी नसेल तर महिन्याभरात यंत्रालाच वास येतो. बोअरवेलचं जड पाणी वापरणाऱ्यांनी जेट आणि हीटरमधला क्षार सायट्रिक आम्लाने अधूनमधून काढावा. वजनही भरलेल्या टाकीसह धरा: दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो, आणि जुन्या मुंबईत तीन-चार मजल्यांच्या कितीतरी इमारतींना आजही लिफ्ट नाही.

पैसे देण्याआधी विक्रेत्याकडे प्रात्यक्षिक मागा, आणि ते त्याच्या गालिच्याच्या तुकड्यावर नको. आपल्या एकसारख्या दोन जुन्या उश्या आणि प्रवासाच्या बॅगा मोजायचा हातकाटा बरोबर न्या. एका कोरड्या उशीचं वजन करा. यंत्राने मोजून एक लिटर पाणी तिच्यावर फवारून खेचू द्या आणि पुन्हा वजन करा. दुसऱ्या यंत्राला तेवढंच पाणी, तेवढाच वेळ आणि तशीच कोरडी उशी द्या. जिचं वजन कमी वाढेल, तिच्यावर चाललेलं यंत्र घ्या.